स्टेअरिंगनं हवा धरली

दिवाळीच्या आधीचा रविवार. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी आणि अण्णा गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे होतो. गाडी पंधरा वर्षांची. इंजिन एका चावीत सुरू व्हायचं, पण स्टेअरिंग फिरवलं की पुढून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज यायचा. वळण घेताना स्टेअरिंग हलकं असायचं, मधेच घट्ट व्हायचं, परत हलकं. आठवडाभरापूर्वी एका गॅरेजमध्ये पॉवर स्टेअरिंगची एक नळी बदलून घेतली होती. दुखणं तेव्हापासूनचं.

मी तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. आत लाल, पारदर्शक तेल दिसायला हवं होतं. तिथे गुलाबी फेस होता.

"हवा धरलीय," अण्णा म्हणाले.

त्यांनी ज्या खात्रीनं हे सांगितलं ती खात्री गॅरेजमधली नव्हती, विहिरीवरची होती. गावाकडे पाइपच्या तळाच्या झडपेला सगळे फुटबॉल म्हणतात. मूळ शब्द फूट व्हॉल्व्ह, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तो फुटबॉल नीट बसला नाही की मोटार हवा धरते. फिरते जोरात, आवाजही करते, पण पाणी वर येत नाही. पाणी ढकलायला बनवलेल्या यंत्राच्या पोटात हवा गेली की यंत्र बिघडलेलं नसतानाही निकामी होतं. आमच्या गाडीचं तेच झालं होतं.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या वाट्याला आलेल्या पहिल्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नव्हतं. लहानपणी मी त्यांच्या मागच्या सीटवरून बघायचे. वरंधा घाटातल्या वळणावर ते सीटवरून थोडे उठायचे आणि त्या ताटाएवढ्या, आडव्या चाकावर अंगाचा भार टाकायचे. स्टेअरिंग ते फक्त हातांनी फिरवत नसत, पाठ आणि खांदे लावून फिरवत. आज त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. शर्ट घालताना आधी उजवी बाही घालायची, मग डावी, असा त्यांचा क्रम ठरलेला आहे.

म्हणून त्या रविवारी ठरलं की चाक मी फिरवायचं आणि ते डबीकडे बघणार. त्या दोन तासांनंतर मी या तेलाच्या इतिहासाच्या मागे लागले. आपण पार्किंग करताना एका हातानं जे चाक फिरवतो, त्यामागे किती माणसांचे खांदे आहेत हे तोवर मला माहीत नव्हतं.

आधी जहाज, मग मोटार

हा प्रश्न मोटारीच्या आधी जहाजांना पडला. वाहन मोठं झालं की ते वळवायला लागणारं बळ एका माणसाच्या हाताबाहेर जातं.

१८५८ साली पाण्यात उतरलेलं 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातलं सर्वांत मोठं जहाज होतं, लांबी २११ मीटर. त्याचं सुकाणू फिरवायला खलाशांची टोळी लागायची. समुद्र खवळला की चाकच माणसांना फिरवायचं. १८६१ साली अटलांटिकमधल्या वादळात त्याच्या सुकाणूचा दांडाच तुटला आणि हजारो टनांचं ते जहाज कितीतरी तास दिशाहीन हेलकावत राहिलं.

१८६६ साली जॉन मॅकफार्लेन ग्रे या इंजिनिअरनं वाफेवर चालणाऱ्या सुकाणू-यंत्राचं पेटंट घेतलं आणि ते याच जहाजावर बसलं. वाफेनं जड वस्तू हलवणं तेव्हा नवीन नव्हतं. नवीन होती ती यंत्राला थांबवायची युक्ती. खलाशी चाक फिरवतो, वाफेची झडप उघडते, इंजिन सुकाणू ढकलू लागतं. पण सुकाणू हवं तेवढं वळलं की त्याच हालचालीनं झडप परत बंद होते. म्हणजे खलाशी जेवढं चाक फिरवेल, तेवढंच सुकाणू वळणार. जोर यंत्राचा, पण किती आणि कुठे हे माणूस ठरवणार.

हेच जहाज पुढे मुंबईला आलं. १८७० साली मुंबई ते एडन ही समुद्राखालची तारेची केबल टाकायला ते इथूनच निघालं. त्या फेब्रुवारीत ज्यांनी ते बंदरातून जाताना पाहिलं, त्यांनी जगातल्या पहिल्या पॉवर स्टेअरिंगांपैकी एक पाहिलं. अर्थात, बघ्यांचं लक्ष त्याच्या धुराड्यांकडे असणार.

फ्रान्समध्ये जोसेफ फार्को नावाचा इंजिनिअर याच कल्पनेवर काम करत होता. १८७३ साली त्यानं या यंत्रांवर पुस्तक लिहिलं आणि त्यांना नाव दिलं 'सर्व्हो-मोटर'. आज खेळण्यातल्या रोबोटपासून ड्रोनपर्यंत सगळीकडे असलेला सर्व्हो हा शब्द तिथून आला. त्याचं मूळ लॅटिन आहे आणि अर्थ आहे गुलाम. मालकाच्या हाताची नक्कल करणारा, पण मालकापेक्षा शंभरपट बलवान गुलाम.

तेल दबत नाही

वाफेचं इंजिन जहाजावर मावतं, मोटारीत मावत नाही. मोटारीसाठी दुसरा निरोप्या लागणार होता, आणि तो दोनशे वर्षांपूर्वीच सापडलेला होता.

बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलनं सतराव्या शतकात दाखवलं. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. लहान दट्ट्यावर थोडा जोर लावायचा आणि मोठ्या दट्ट्यावर प्रचंड जोर मिळवायचा, हे यातूनच येतं. पण कागदावरचं हे गणित लोखंडात उतरवायला १७९५ साल उजाडलं. लंडनच्या जोसेफ ब्रामानं हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्यापुढे एकच मोठी अडचण होती: गळती. दट्ट्याच्या कडेनं पाणी बाहेर यायचं. ते अडवायला पॅकिंग घट्ट आवळलं की दट्ट्याच अडकायचा. यातून वाट काढायचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराला दिलं जातं. त्यानं वाटीसारखी वळवलेली चामड्याची चकती बसवली. दाब वाढला की पाणीच त्या वाटीचे काठ बाहेर दाबणार आणि फट बंद करणार. दाब गेला की काठ सैल पडणार. आज आपल्या गाडीच्या स्टेअरिंगमध्ये जी रबरी सील असते, ती याच वाटीची पणती आहे.

आता हवा का नको, ते आकड्यांत बघू. टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. जागच्या जागी चाकं पूर्ण वळवताना पॉवर स्टेअरिंगच्या तेलावर हजार-दीड हजार पीएसआय इतका दाब येऊ शकतो, म्हणजे साधारण १०० बार. एवढ्या दाबाखाली तेल किती आकसतं? एक टक्काही नाही. हवा मात्र त्याच दाबाखाली आकसून शंभराव्या हिश्शावर येते. म्हणजे पंपानं ढकललेला जोर चाकापर्यंत जाण्याऐवजी बुडबुडे चेपण्यात खर्च होतो. मग दाब कमी झाला की तेच बुडबुडे फुगतात आणि धक्का देतात. स्टेअरिंग मधेच घट्ट, मधेच हलकं होतं ते यामुळे. कण्हण्याचा आवाज येतो तोही पंपाच्या पात्यांमध्ये तेलाऐवजी फेस आल्यामुळे.

पंचवीस वर्षं थांबलेला माणूस

मोटारीच्या स्टेअरिंगला यंत्राची मदत द्यायची कल्पना १९००च्या सुमारासच पेटंटच्या कागदांवर दिसते. पण ती रस्त्यावर नीट आणली फ्रान्सिस डेव्हिसनं. डेव्हिस अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो या कंपनीच्या ट्रक विभागात इंजिनिअर होता. अवजड ट्रक वळवताना ड्रायव्हरची काय दमछाक होते हे तो रोज बघत होता. १९२०च्या दशकात टायर रुंद आणि कमी हवेचे होऊ लागले, गाड्या जड होऊ लागल्या. रुंद टायर रस्त्याला जास्त घट्ट धरतो, म्हणून जागेवर वळवायला जास्त जोर लागतो. त्यावर सोपा उपाय एकच होता: स्टेअरिंगचे गिअर असे ठेवायचे की जोर कमी लागेल, पण चाकाचे वळसे जास्त घ्यावे लागतील. म्हणजे कष्ट वाचायचे नाहीत, फक्त हप्त्यांत फेडायचे.

डेव्हिसनं नोकरी सोडली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात छोटी कार्यशाळा थाटली. तोवरच्या हायड्रॉलिक यंत्रांमध्ये तेल कायम प्रचंड दाबाखाली भरून ठेवत, मग गरज पडली की झडप उघडत. एवढा दाब सतत धरून ठेवायचा म्हणजे गळती आलीच. डेव्हिसनं हे उलट केलं. त्याच्या व्यवस्थेत तेल सतत, मोकळं, दाबाशिवाय फिरत राहतं. ड्रायव्हरनं चाक वळवलं तरच झडप त्याची वाट अडवते आणि तेवढ्यापुरता दाब तयार होतो. चाक सरळ झालं की तेल पुन्हा आपल्या वाटेनं. हाक मारली तरच मदतीला येणारा गडी.

१९२६ साली त्यानं हे यंत्र आपल्या पिअर्स-ॲरो गाडीत बसवलं आणि गाडी डेट्रॉइटच्या कारखानदारांना दाखवली. जनरल मोटर्सशी करार झाला, कॅडिलॅकमध्ये ते आणायचं ठरलं. पण मंदी आली. महागड्या गाड्यांचा खप आटला, साचे आणि हत्यारांवरचा खर्च परवडेना, आणि १९३४ साली कंपनीनं हात आखडता घेतला. डेव्हिस मग बेंडिक्स या कंपनीकडे गेला. तिथेही मोटारींसाठी मोठी ऑर्डर आली नाही.

ऑर्डर दिली ती युद्धानं. चिलखती गाडी म्हणजे चाकांवरचं लोखंडी कपाट. ती हातानं वळवताना सैनिक थकतो, आणि थकलेला ड्रायव्हर म्हणजे थांबलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याच्या हजारो जड वाहनांत डेव्हिसची रचना बसली. ट्रक ड्रायव्हरचे खांदे दुखतात म्हणून जे यंत्र जन्मलं, ते शांततेच्या काळात महाग ठरलं आणि युद्धात एका रात्रीत परवडू लागलं.

युद्ध संपलं तरी मोटार विकत घेणाऱ्या सामान्य माणसापर्यंत ते पोचलं नव्हतं. अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असायची. डेव्हिसची सुरुवातीची पेटंटं संपली, आणि १९५१ साली क्रायस्लरनं त्याच कल्पनांवर बेतलेलं 'हायड्रागाइड' आपल्या इम्पीरिअल गाडीत आणलं. सामान्य खरेदीदाराला मिळालेलं हे पहिलं पॉवर स्टेअरिंग. मग जनरल मोटर्सला डेव्हिस आठवला. १९५२च्या कॅडिलॅकमध्ये त्याची रचना आली. प्रात्यक्षिक दाखवल्याला सव्वीस वर्षं झाली होती.

मधल्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला गेली. तिच्या ड्रायव्हरच्या हातात जे चाक होतं, त्याच्या मदतीला फक्त त्याचे दोन हात होते. त्याच्यानंतरच्या कितीतरी पिढ्यांचंही तेच. घाटातल्या एका वळणासाठी चाकाचे किती वळसे घ्यायचे, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असायचं.

यात अजून एक गोष्ट दडलेली आहे. जड स्टेअरिंगनं फक्त ड्रायव्हर दमवला नाही, ड्रायव्हर कोण होणार हेही ठरवलं. गावातली जीप शिकायची म्हणून मी हट्ट धरला होता तेव्हा अण्णा म्हणाले होते, "तुझ्या हाताला झेपायचं नाही." मला राग आला होता. पण ते खोटं बोलत नव्हते, आणि पूर्ण खरंही बोलत नव्हते. झेपत तर त्यांनाही नव्हतं. त्यांनी ते खांदा देऊन झेपवलं होतं.

रविवारचे दोन तास

तर हवा काढायची कशी? बहुतेक गाड्यांच्या पॉवर स्टेअरिंगला, ब्रेकला असतो तसा, हवा सोडायचा वेगळा स्क्रू नसतो. हवेला बाहेर यायची वाट एकच: तेलाच्या डबीचं तोंड. आपण फक्त तेल हळूहळू फिरवायचं, बुडबुडे आपोआप वर येतात.

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. पुढची बाजू जॅकनं उचलून आम्ही खाली घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर उचललेल्या गाडीजवळ काम करायचं नाही, हा अण्णांचा नियम. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच तेल खुणेपर्यंत भरलं. इथे ब्रेकचं तेल चुकूनही घालायचं नसतं, ते सील खातं.

चाकं उचलायच्या आधी, गंमत म्हणून, मी इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग फिरवून पाहिलं. कुलूप सुटण्यापुरती चावी फिरवली, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि ओढलं. ते जेमतेम चार बोटं हललं. पॉवर स्टेअरिंगची गाडी बंद असताना जुन्या साध्या स्टेअरिंगपेक्षाही थोडी जडच लागते, कारण नळ्यांमधलं तेलही ढकलावं लागतं. तरी ही लहानशी मोटार. मी अण्णांकडे पाहिलं. ते डबीतच बघत होते.

चाकं उचलल्यावर, इंजिन बंदच ठेवून, मी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लागले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. असं वीसेक वेळा. "सावकाश," अण्णा दर दोन वळशांनी म्हणत. घाईनं फिरवलं तर बुडबुडे फुटून अजून बारीक होतात आणि तेलातच राहतात. डबीतली पातळी उतरली की ते तेल घालत. पातळी फार खाली गेली तर नळी पुन्हा हवाच ओढणार आणि सगळं पहिल्यापासून. मग आम्ही चहा प्यायलो. ही विश्रांती कामाचाच भाग आहे. फेस बसायला वेळ द्यावा लागतो.

चहानंतर इंजिन सुरू केलं. पुन्हा तेच, तितकंच सावकाश. फक्त टोकाला पोचल्यावर चाक धरून ठेवायचं नाही. तिथे दाब सर्वांत जास्त असतो आणि पंप तापतो. फेस विरत गेला. कण्हणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज परत आला.

अण्णांनी या वेळी डबीकडे पाहिलंच नाही. डबीतून पंपाकडे जाणाऱ्या जाड नळीवर बोट फिरवलं आणि तिची क्लिप हलवली. ती सैल होती. खाली तेलाचा एक थेंबही पडलेला नव्हता, म्हणून आम्हाला शंका आली नव्हती. पण पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला फट असेल तर तेल बाहेर येण्याआधी हवा आत जाते. विहिरीवरच्या पाइपच्या सांध्याचं असंच असतं. क्लिप आवळली, दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी पुन्हा वीस वळसे घेतले. मग आवाज आला नाही तो आजतागायत.

झाकण नसलेली गाडी

हे सगळं आता मागे पडत चाललं आहे. डेव्हिसच्या रचनेत एक उणीव होती. तेल मोकळं फिरत राहावं म्हणून पंप कायम चालू लागतो. सरळ रस्त्यावर, काही मदत नको असतानाही तो इंजिनाची थोडी ताकद खात राहतो, म्हणजे पेट्रोल खातो. १९८८ साली सुझुकीनं जपानमध्ये सर्व्हो या नावाच्याच छोट्या गाडीत विजेवरचं पॉवर स्टेअरिंग आणलं. ते नाव लॅटिनमधल्या गुलामाचं नव्हे, इटालियनमधल्या हरणाचं. उच्चार सारखा हा निव्वळ योगायोग. पंप नाही, तेल नाही, नळ्या नाहीत. चाक वळवलं तेवढाच वेळ एक विजेची मोटर मदत करते. आज बाजारातल्या जवळजवळ सगळ्या नव्या मोटारी अशाच आहेत. त्यांचं बॉनेट उघडलं तर स्टेअरिंगच्या तेलाची डबीच दिसत नाही.

ट्रक-बसमध्ये मात्र तेलाचं राज्य अजून टिकून आहे. इतकं वजन वळवायला ते अजूनही भरवशाचं वाटतं. १९८१ साली जर्मन सहकार्यातून उभी राहिलेली झेडएफ स्टेअरिंग गिअर इंडिया ही कंपनी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकला अशाच जड वाहनांची हायड्रॉलिक स्टेअरिंगं बनवत आली आहे. निवृत्तीच्या आधीची काही वर्षं अण्णांनाही पॉवर स्टेअरिंगची बस मिळाली. "बरी होती," एवढंच ते तिच्याबद्दल सांगतात. तोवर खांद्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

काम संपल्यावर त्या संध्याकाळी गाडी घोड्यांवरून खाली घेतली. अण्णा म्हणाले, मी एकदा बघतो. ते सीटवर बसले, इंजिन सुरू केलं. स्टेअरिंग इतकं हलकं झालं होतं की एका बोटानं फिरलं असतं. त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरलं, सीटवरून थोडे उठले आणि उजवा खांदा पुढे काढला.

"अण्णा, एवढा जोर कशाला लावताय?"

ते हसले आणि परत टेकून बसले. मग चाक उलट बाजूला फिरवताना खांदा पुन्हा तसाच पुढे आला.